पथदर्शी पाहणीकडून काय मागावे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यमापनात देशातील 100 औद्योगिक क्षेत्रांत तारापूर 93.69 गुणांसह सर्वाधिक प्रदूषित ठरले. या निर्देशांकाच्या मोजपट्टीत आरोग्याच्या आकडेवारीला 100 पैकी अवघे 10 गुण, तेही मोठ्या रुग्णालयांतील नोंदींवरून. दवाखान्यापर्यंत न पोचलेला खोकला त्यात येतच नाही. म्हणून बोईसर, नवापूर परिसरात घरोघर पाहणी हवी आणि तिची सुरुवात छोट्या पथदर्शी अनुदानाने व्हावी, हे योग्यच.

परंतु अशा अनुदानासाठीच्या अर्जांत एक दोष वारंवार दिसतो. ‘दोन गावांतील पन्नास-पन्नास माणसे तपासून प्रदूषणाचा परिणाम सिद्ध करू,’ असे वचन दिलेले असते. जरा हिशेब करू. समजा, दूरच्या गावात शंभरात 10 जणांना जुनाट खोकला आहे आणि कारखान्यांजवळ 15 जणांना. हा फरक बऱ्यापैकी खात्रीने ओळखायला प्रत्येक बाजूस सुमारे 700 माणसे लागतात. पन्नासांत तो पाच विरुद्ध सात-आठ एवढाच. तेवढा योगायोगानेही पडतो. मग ‘फरक सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘अपाय नाही’ असा लावला जातो आणि नुकसान गावाचे होते.

पथदर्शी पाहणीचे काम निराळे आहे. किती जण संमती देतात, प्रश्न लोकांना कळतात का, किनाऱ्याच्या दमट हवेत उपकरण नीट चालते का, मुख्य पाहणीस किती माणसे लागतील, एवढे तिने सांगावे. अर्जदारांनी तेवढेच कबूल करावे आणि अनुदान देणाऱ्यांनीही तेवढेच मागावे.