कुलकर्ण्याच्या दप्तरापासून कारखान्याच्या निवडणुकीपर्यंत

भारतीय समाजशास्त्राची कुळकथा बहुधा १९१९ पासून सांगतात. त्या वर्षी पॅट्रिक गेडिस यांनी मुंबई विद्यापीठात विभाग उभा केला, १९२४ मध्ये गो. स. घुर्ये तिथे आले. विभागाची हकिगत म्हणून हे ठीक आहे. पण सत्ता कोणाच्या हाती असते आणि तिथेच का टिकते, हा राजकीय समाजशास्त्राचा मूळ प्रश्न मराठीत त्याआधीच विचारला गेला होता, तोही विद्यापीठाबाहेर.

जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालचा. शेतकरी का नागवला जातो याचं उत्तर त्यांनी दैवात शोधलं नाही, कचेरीत शोधलं. गावचा कुलकर्णी, मामलेदाराचे कारकून, कोर्टातले अंमलदार बहुतेक एकाच जातीचे, आणि वरचा गोरा साहेब त्यांच्याच डोळ्यांनी रयत पाहणारा. धर्माची मक्तेदारी, शिक्षणाची मक्तेदारी आणि दप्तरावरचा ताबा ही एकच साखळी आहे, हे त्यांनी दाखवलं. भाषा प्रहाराची आहे म्हणून त्यातलं विश्लेषण दुय्यम ठरवण्याची सवय अभ्यासकांना फार काळ होती. ती सोयीची होती, एवढंच म्हणतो.

त्रिं. ना. आत्रे महसूल खात्यातले. त्यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) वतनदार, बलुतेदार, अलुतेदार यांचे हक्क आणि खळ्यावरची ओढाताण इतक्या बारकाईने येते की, गावाच्या एकोप्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ते जरूर वाचावं. फिरस्त्यांविषयी लिहिताना मात्र लेखणीला पोलिसी वळण लागतं. पुढच्याच वर्षी, मे १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात आंबेडकरांनी जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यामुळे, असं मांडलं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांचा उलगडा त्यांनी त्याच सूत्राने केला.

घुर्यांनी १९३२ च्या ग्रंथात, नाकाची मापं घेऊन जातींची उतरंड ठरवणाऱ्या रिस्लेची झडती घेतली, जातीची सहा लक्षणं सांगितली. काम मोठं; पण दप्तर कोणाकडे, हा फुल्यांचा प्रश्न त्यात मागे पडला. ब्राह्मणेतर चळवळीतही त्यांना जातनिष्ठा वाढण्याची धास्तीच अधिक दिसली. सत्ता अभ्यासाच्या मध्यभागी परतली ती प्रौढ मताधिकारानंतर: घुर्यांचेच विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांची प्रभुत्वशाली जातीची मांडणी, मग १९७० मध्ये रजनी कोठारींनी संपादित केलेला जात आणि राजकारणावरचा ग्रंथ.

आज पीक आहे ते मतदान सर्वेक्षणांचं. कोणत्या जातीने कोणाला किती टक्के मतं दिली, हे निकालानंतर लगेच कळतं. त्यांचा उपयोग नाकारत नाही. पण बी. एस. बाविस्करांनी कोपरगावच्या साखर कारखान्यात मुक्काम ठोकून जो अभ्यास केला (ग्रंथ १९८० चा), त्यात सभासद, संचालक, ऊसतोडीचा क्रम आणि आमदारकी एकमेकांत कशी गुंतते ते दिसतं. तसं काम आता फारच थोडं होतं. अनेक सहकारी कारखाने विकले गेले, खासगी झाले. गाळप चालू आहे. तिथे ऊस आधी कोणाचा जातो, आणि हे ठरवणाऱ्याला निवडून कोण देतं, हे टक्केवारीच्या तक्त्यात सापडत नाही.