कार्यात्मक व्याकरण : एक नाव, दोन विचार

अध्यापक विद्यालयांतून ‘कार्यात्मक व्याकरण’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. १९९१ साली आर. एच. दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्राथमिक शिक्षणातील किमान अध्ययन पातळ्यांचा आराखडा मांडला, त्यात भाषेची नऊ क्षेत्रे कल्पिलेली होती. श्रवण, भाषण, वाचन, लेखन इत्यादींच्या पंक्तीस कार्यात्मक व्याकरणालाही पाट मिळाला. व्याख्या व वर्गीकरणे पाठ करून घेण्याऐवजी व्यवहारात उपयोगी पडेल तेवढेच व्याकरण शिकवावे, असा त्याचा अर्थ आपल्याकडे सामान्यतः केला जातो. हा हेतू चांगला होता, याविषयी वाद नाही.

परंतु याच नावाचा दुसराही एक विचार आहे. एम. ए. के. हॅलिडे यांचा ‘अॅन इन्ट्रोडक्शन टू फंक्शनल ग्रामर’ हा ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला. भाषेची रूपे जशी आहेत तशी ती का असावीत, याचे उत्तर त्या रूपांकडून माणसे जी कामे करून घेतात त्यांत शोधावे, ही त्या ग्रंथाची भूमिका. पहिल्या विचारात ‘कार्यात्मक’ हे विशेषण शिकवण्याच्या पद्धतीस लागते. दुसऱ्यात ते भाषेच्या स्वरूपासच लागते. किती व्याकरण शिकवावे हा पहिल्याचा प्रश्न, तर व्याकरण म्हणजे मुळात काय हा दुसऱ्याचा. भावी शिक्षकांना हे दोन्ही विचार एकाच नावाखाली दिले जातात आणि बहुधा पहिलाच त्यांच्या हाती राहतो. परिणामी व्याख्या गळते, पण तिच्या पोटातून निघालेला जुना प्रश्न मात्र कायम राहतो. ‘पुढील वाक्याचा प्रयोग बदला’ हा प्रश्न व्याख्येशिवाय विचारला, म्हणजे तो कार्यात्मक होत नाही. विद्यार्थ्याने प्रयोग बदलला. पण तो कोणी, कोठे, कशासाठी बदलावा, हे त्याला कळले नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. वर्गातील खिडकीची काच फुटली आहे. त्याविषयी मराठीत निदान चार प्रकारे बोलता येते : ‘मी काच फोडली’, ‘माझ्या हातून काच फुटली’, ‘काच फुटली’, ‘काच फोडली गेली’. परंपरागत पद्धतीने येथे धातू सकर्मक की अकर्मक, प्रयोग कोणता, ‘हातून’ची विभक्ती कोणती हे सांगता येईल, आणि ते सांगणे निरर्थक नाही. तथापि या चार वाक्यांतील खरा भेद जबाबदारीचा आहे. पहिल्यात बोलणारा ती स्वीकारतो. दुसऱ्यात हात आपला असल्याचे कबूल करतो, पण हेतू नाकारतो. तिसऱ्यात काच जणू आपली आपणच फुटते. चौथ्यात कोणीतरी ती फोडली आहे एवढे कळते, पण त्याचे नाव मात्र पडद्याआड राहते. वृत्तपत्रांना आणि कचेऱ्यांना ही रचना प्रिय असावी यात नवल नाही. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे अशा जोड्यांनी मराठीने ही सोय घडवून ठेवली आहे. शाळेतले पोर ही सोय अचूक वापरते. मुख्याध्यापकांपुढे उभे राहिल्यावर ते तिसरेच वाक्य निवडते. या निवडीमागे जे ज्ञान आहे ते व्याकरणाचेच ज्ञान होय. शिक्षकाने ते जागे करावयाचे आहे.

हॅलिडे भाषेची तीन मूलभूत कार्ये मानतात : अनुभवाची मांडणी करणे, बोलणारा व ऐकणारा यांचे नाते जुळवणे, आणि वाक्यांना प्रसंगाशी व परस्परांशी बांधून सलग कथन सिद्ध करणे. ही तिन्ही कार्ये एकाच वाक्यात एकाच वेळी चालू असतात. काचेच्या उदाहरणात पहिले कार्य प्रामुख्याने दिसले. दुसऱ्यासाठी औषधाची गोळी पुरेशी आहे. ‘गोळी जेवणानंतर घे’, ‘घ्या’, ‘घ्यावी’, ‘घ्यायची’, ‘घेणे’ : गोळी तीच, जेवण तेच. पण आईची आज्ञा, डॉक्टरांचा आदरयुक्त सल्ला, छापील पत्रकाचा तटस्थ विधी, परिचारिकेची समजावणी आणि चिठ्ठीवरील टिपण ही पाच वेगवेगळी नाती आहेत. आज्ञार्थ, विध्यर्थ ही नावे त्यांतील काही रूपांना लागू पडतात. ‘घ्यायची’ या रूपाने हुकूम न देता हुकमाचे काम कसे साधते, हे मात्र नावाने उलगडत नाही. तिसऱ्या कार्याच्या दृष्टीने ‘च’ व ‘तर’ यांसारखी अव्यये पाहावीत. शालेय पुस्तकांत ती शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणून यादीत बसवलेली असतात. ‘मीच आलो’, ‘मी आलोच’, ‘मी तर आलो’ यांपैकी प्रत्येक वाक्य कोणत्या तरी वेगळ्या प्रश्नाचे किंवा आक्षेपाचे उत्तर आहे. तो प्रश्न शोधावयास लावणे हा अव्ययांचा खरा पाठ.

येथवर हॅलिडे यांचा विचार उपकारक आहे. मात्र त्यांची परिभाषा जशीच्या तशी उचलण्यात धोका आहे. त्यांचे विवेचन इंग्रजीवर उभे आहे. त्या भाषेत कर्ता व क्रियापद यांच्या क्रमाची उलटापालट करून विधानाचा प्रश्न होतो, म्हणून तेथे व्याकरणिक कर्त्याला फार मोठे कार्य प्राप्त झाले आहे. मराठीत ते काम ‘का’, ‘काय’ हे शब्द किंवा नुसता स्वर करतो. शिवाय ‘मला भूक लागली’, ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘तिला पोहता येते’ या वाक्यांत अनुभव घेणारा किंवा क्रिया करणारा एक आणि क्रियापद जुळते दुसऱ्याशीच, किंवा कोणाशीच नाही. आपल्या वैयाकरणांनी प्रयोगविचारावर इतकी शाई खर्च केली ती हौसेने नव्हे. कर्तृत्व आणि क्रियापदाशी जुळणी या दोन गोष्टी मराठीत सहज विलग होतात, ही अडचण त्यांना जाणवलेली होती. मो. के. दामले यांचा १९११ चा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ भावी शिक्षकाने या दृष्टीने पुन्हा उघडून पाहण्यासारखा आहे.

दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ साली निघाले. पुढे शब्दांच्या आठ जाती इंग्रजीच्या वळणावर आणि विभक्तींची चौकट संस्कृतच्या वळणावर अशी आपली शालेय परंपरा स्थिरावली. या उसनवारीचा हिशेब अरविंद मंगरूळकर यांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ (१९६४) मध्ये मांडला. आता कर्त्याच्या जागी तीन नवी नावे आणून ती पाठ करून घेतली, तर ती तिसरी उसनवारी ठरेल. प्रश्न घ्यावा, परिभाषा सावकाश घ्यावी, असे आमचे मत आहे.

या प्रश्नाची निकड हातकणंगल्यासारख्या तालुक्यात विशेष जाणवते. एकीकडे इचलकरंजीचे माग, दुसरीकडे हुपरीची चांदी, अवतीभवती उसाची शेती, आणि कर्नाटकाची सीमा हाकेच्या अंतरावर. येथील वर्गात कोल्हापुरी मराठीच्या जोडीला कन्नड आणि हिंदीही ऐकू येते. मूल म्हणते, ‘मी जेवालोय’. शिक्षक तांबड्या शाईने ‘जेवतोय’ करतो. कार्याच्या दृष्टीने पाहिल्यास येथे काहीही उणे नाही. नेहमी होणारी क्रिया आणि या क्षणी चालू असलेली क्रिया हा भेद प्रमाण मराठी ‘जेवतो’ व ‘जेवतोय’ यांनी दाखवते, कोल्हापुरी बोली ‘जेवतो’ व ‘जेवालोय’ यांनी. भेद मुलाच्या ठायी आहेच. त्याला फक्त दुसरे रूप द्यावयाचे आहे. ज्ञान नसलेल्यास शिकवणे आणि ज्ञान असलेल्यास दुसरी वाट दाखवणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत, आणि शिक्षकाची वृत्ती नेमकी येथेच ठरते. या भागातील मुली व स्त्रिया ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे म्हणतात, त्याचेही तसेच. समोरासमोर बोलताना बोलणारीचे लिंग ऐकणाऱ्यास ठाऊकच असते, त्यामुळे क्रियापदाने ते सांगितले नाही तरी अडत नाही. लेखनात वाचकापुढे ती व्यक्ती नसते. तेथे ‘आले’ या रूपाला काम मिळते. निबंधात ‘आले’ का लिहावयाचे, याचे हे कारण मुलीला सांगता येते. ‘तुझे चुकले’ यापेक्षा ते निश्चित बरे.

कार्यात्मक दृष्टीमुळे प्रमाणभाषेचा आग्रह सैल होईल, अशी भीती काही अध्यापक व्यक्त करतात. ती अनाठायी आहे. अर्ज, वृत्तांत, शास्त्रविषयाचे उत्तर यांत प्रमाणरूपांना काम आहे, आणि ते काम न शिकवणे म्हणजे बोलीच्या मुलावर अन्यायच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सकर्मक-अकर्मक हा भेद ज्या शिक्षकाला पक्का येत नाही, त्याला फुटणे-फोडणे यांतील जबाबदारीचा भेद वर्गात उलगडता येणार नाही. रूपज्ञान टाकून कार्यज्ञान मिळत नाही. ‘उपयोगापुरते व्याकरण’ या घोषणेने भावी शिक्षकाचेच रूपज्ञान पातळ केले, ही तिची खरी हानी. मुलाला व्याख्या नको हे ठीक. शिक्षकालाही नको, हे कोणी ठरवले?

२०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि सर्व विषयांतून भाषेचा विचार करणारा एक घटकही त्यात आला. इतिहासाच्या पुस्तकात ‘राज्य खालसा करण्यात आले’ असे का असते, आणि ‘खालसा केले’ असे लिहिल्यास त्या उताऱ्यात आणखी कोणाचे नाव घालावे लागेल, हा प्रश्न त्या घटकाच्या प्रश्नपत्रिकेत सहज बसू शकेल.