भक्ती बर्वे : शुद्ध भाषेपलीकडचा आवाज

अभिनेत्रीचे मूल्यमापन करताना आपण तिच्या भूमिकांची यादी करतो, पुरस्कार मोजतो आणि थांबतो. भक्ती बर्वे यांच्या बाबतीत एवढ्यावर थांबणे उचित होणार नाही. दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावरून ज्या आवाजात मराठी माणसाने प्रमाण भाषेतील बातम्या ऐकल्या, त्याच आवाजाने रंगभूमीवर ‘अशुद्ध’ बोलणाऱ्या एका फुलवालीची बाजू मांडली. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्यांच्या कलेचे मर्म तेथेच सापडते.

भक्तीताईंचा जन्म १९४८ साली सांगलीचा. सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’च्या बालनाट्यांनी त्यांना रंगमंचाची ओळख करून दिली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्याच्या आरंभीच्या वृत्तनिवेदिकांत त्यांचा चेहरा घरोघरी परिचित झाला. १९७५ साली ‘ती फुलराणी’ रंगमंचावर आले. १९८३ च्या ‘जाने भी दो यारो’ या हिंदी चित्रपटात त्यांनी साकारलेली संपादिका शोभा आजही रसिकांच्या स्मरणात आहे. अभिनेते शफी इनामदार हे त्यांचे पती. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला.

‘ती फुलराणी’चे मूळ बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकात आहे. १९१३ साली प्रथम रंगमंचावर आलेल्या त्या नाटकात उच्चारशास्त्राचा एक प्राध्यापक लंडनच्या फुलवालीला उच्चभ्रूंची बोली शिकवण्याची पैज घेतो. पु. ल. देशपांडे यांनी केवळ संवाद मराठीत आणले नाहीत. त्यांनी तो प्रश्नच मराठी मातीत रुजवला. आपल्याकडे ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांत एका अक्षराचा फरक असतो, पण त्यावरून ऐकणारा बोलणाऱ्याचे गाव, जात आणि शिक्षण क्षणात ठरवून मोकळा होतो. शॉ यांची इलायझा येथे मंजुळा झाली, तेव्हा या सवयीचा सगळा भार तिच्या खांद्यांवर आला.

या नाटकात एक धोका दडलेला आहे. मंजुळा तोंड उघडते आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. हा हशा विनोदाचा की तुच्छतेचा, हे नाटककार एकटा ठरवू शकत नाही. ते नटीच्या हाती असते. बोलीचे हेल काढून टाळ्या मिळवणे मुळीच अवघड नाही. भक्तीताईंनी ती वाट धरली नाही. त्यांच्या मंजुळेच्या तोंडची बोली वरून चिकटवलेली वाटत नाही. आपले बोलणे चुकीचे आहे, असे जिला प्राध्यापक भेटेपर्यंत कधी वाटलेच नव्हते, अशा मुलीची ती सहज भाषा वाटते. अपमानित झालेली मंजुळा एकटीच असताना त्या प्राध्यापकाला धडा शिकवण्याचे मनोरथ रचते, ते स्वगत या दृष्टीने पुन्हा पाहावे. त्यात राग आहे, खोडकरपणा आहे आणि दोहोंखाली खोल दुखावलेपण आहे. आपण हसतो खरे. पण हसता हसता हशाचे लक्ष्य बदलते आणि प्राध्यापकाचा अहंकार हास्यास्पद ठरतो.

पुढे हे स्वगत इतके लोकप्रिय झाले की अभिनयस्पर्धांतून ते सुटे सादर होऊ लागले. यात लाभाबरोबर हानीही झाली, असे मला वाटते. नाटकापासून तोडल्यावर त्यातील वेदना निसटते आणि उरते ती नुसती फणकाऱ्याची गंमत. भक्तीताईंच्या अन्य भूमिकांवरही या एका यशाची सावली पडली. अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होते’मध्ये त्यांनी घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी आई उभी केली, तर अजित दळवी यांच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’मध्ये कस्तुरबा. फुलवाली, गृहिणी आणि महात्म्याची पत्नी, या तिघींत वरकरणी काही साम्य नाही. तरी तिघींसमोरची माणसे आपण चांगलेच वागतो आहोत अशा समजुतीत असतात, आणि तिघींना मात्र आपले माणूसपण त्यांना जाणवून द्यावे लागते. ही संगती लक्षात घेतली, तर भक्तीताईंना केवळ ‘फुलराणी’ म्हणणे अपुरे ठरते.

हा विषय आपल्या घरापर्यंत येणारा आहे. आमचे कामोठे मूळचे आगरी गाव. सिडकोच्या वसाहतीमुळे येथे देशावरची, विदर्भाची, कोकणाची मराठी शेजारी शेजारी नांदते. वसईकडून आलेल्या कुटुंबांत आजी सामवेदी किंवा वाडवळी बोलते आणि नातवंडे शाळेची भाषा. आजीचे बोलणे मित्रांच्या कानी पडू नये म्हणून दार लोटून घेणारी मुले आपल्या ओळखीची आहेत. प्रमाण भाषा शिकू नये, असे कोणी म्हणणार नाही. भक्तीताईंनी स्वतः ती उत्तम कमावली होती. परंतु ती शिकताना घरच्या बोलीची लाज वाटू लागली, तर त्या शिक्षणात काहीतरी हरवले, हे मान्य करावे लागेल.

१२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईकडे परतताना द्रुतगती महामार्गावर, आपल्या पनवेल तालुक्यातील भाताण बोगद्याजवळ झालेल्या अपघातात भक्तीताईंचे निधन झाले. त्या अवघ्या बावन्न वर्षांच्या होत्या. ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा त्यांचा एकपात्री कार्यक्रम त्या काळात चालू होता, पु. ल. त्यापूर्वी आठच महिने, जून २००० मध्ये गेले होते. मंजुळेच्या त्या स्वगताचे त्यांच्या अभिनयातील चित्रमुद्रण आजही पाहावयास मिळते. पालकांनी ते मुलांसोबत अवश्य पाहावे, आणि शक्य असेल तर आजीलाही शेजारी बसवावे. मुले कोठे हसतात आणि कोठे गप्प होतात, याकडे लक्ष असू द्यावे. त्या अभिनयाची खरी परीक्षा तेथे होईल आणि आपलीही.