यंत्र कुणासाठी? : सिम्प्युटरचं एक वाचन

जुनं यंत्र खोलणं हेही एक प्रकारचं वाचनच आहे. यंत्र करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणता माणूस होता, हे आतल्या भागांवरून बऱ्यापैकी कळतं.

गोंदियात भंगारात मिळालेला पाम एम १०० मी मध्यंतरी खोलला. हा २००० सालचा, तळहातावर मावणारा संगणक. मागचे स्क्रू काढले की आत मोटोरोलाचा १६ मेगाहर्ट्झचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, २ एमबी मेमरी आणि दाब ओळखणारा पडदा. दोन बारीक सेलवर हे सगळं चालायचं. इंजिनिअर म्हणून ही काटकसर मला फार आवडते. पण पामला तुमचं अक्षर कळायचं नाही. ग्राफिटी नावाची, न उचलता काढायची रोमन लिपी तुम्हीच शिकायची. 'ए' काढताना आडवी रेघ गाळायची. त्या लिपीत देवनागरी नव्हती. गोंडी, पोवारी आणि झाडीबोली बोलणारा आमचा जिल्हा तर पामच्या गावीही नव्हता.

१९९९ मध्ये, म्हणजे भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, बंगळुरूत सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन झाला. भारतीय विज्ञान संस्थेतले चार प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतली मंडळी त्यामागे होती. २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, त्यावर लिनक्स, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला भारतीय भाषेत मजकूर ऐकवण्याची सोय. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती स्मार्टकार्डाची खाच. यंत्र गावाचं, कार्ड ज्याचं त्याचं. आपलं कार्ड घालायचं, काम करायचं, कार्ड काढून घरी जायचं. ही खाच म्हणजे सिम्प्युटरचं मुख्य विधान होतं.

'मोबाइल आला आणि सिम्प्युटर संपला' असं सर्रास लिहिलं जातं. हे अर्धंच खरं आहे. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींसाठी तो वापरून पाहिला गेला. पण २००४ मध्ये 'अमिडा' नावाने दुकानात आला तेव्हा त्याची किंमत ९,९५० रुपयांपासून पुढे होती आणि गिऱ्हाईक एकेकटं. वाटून वापरायचं यंत्र एकट्याला विकायला काढलं, तेव्हाच त्या खाचेचा अर्थ गेला. तो फार खपला नाही यात नवल नाही. माझा आक्षेप खपावर नाही, विधान सोडून देण्यावर आहे.

कारण तो प्रश्न अजून तसाच आहे. आमच्याकडे कित्येक घरांत स्मार्टफोन एकच असतो. आजीच्या पेन्शनचा, सुनेच्या बँकेचा आणि पोराच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी त्याच एका फोनवर येतो, आणि फोन ज्याच्या खिशात त्याला सगळ्यांचं सगळं दिसतं. फोन मात्र असा घडवलाय की जणू त्याचा मालक एकच आहे. गरीब घर यंत्र वाटून वापरतं आणि वाटून वापरतानाही माणसाला स्वतःपुरती एक जागा लागते, हे सिम्प्युटरने पंचवीस वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आज आम्ही लिहितो त्या ॲप्समध्ये ती खाच कुठे आहे?