मेसेज आला, पण तोड कधी येणार?

मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, "एचसीआयमध्ये पीएचडी करायची तर चांगलं ॲप बनवता यायला हवं ना?" एचसीआय म्हणजे माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहाराचा अभ्यास. उत्तर देण्याऐवजी मी तिला एक पेपर वाचायला दिला. पेपर आपल्याच भागातला आहे. मी तो तीनदा वाचला आणि दर वेळी माझं मत थोडं बदललं.

आधी पार्श्वभूमी. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीची, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं संगणकाने जोडायची, म्हणजे शेतकऱ्याला गावातच बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी माहिती मिळेल, अशी कल्पना होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, नागा यासोधर आणि केंटारो तोयामा तिथे गेले. त्यांना दिसलं, की गावातला संगणक प्रत्यक्षात कारखान्याच्या कामालाच लागलाय: ऊस किती टन गेला, खत किती उचललं, असले हिशोब. मग एवढ्यासाठी अख्खा संगणक कशाला? साधा मोबाईल आणि एसएमएस पुरेल की! सात गावांत आठ महिने चाचणी झाली. संगणकावर होणारी सगळी कामं मोबाईलवर झाली, खर्च कमी आला, शेतकऱ्यांनाही ते जास्त सोयीचं वाटलं. हाच 'वारणा अनवायर्ड' हा पेपर.

यातलं मला सगळ्यात आवडलेलं काम चाचणीच्या आधीचं आहे. गावातला संगणक ठरवलेल्या कामाला वापरला गेला नाही, म्हणून 'शेतकऱ्यांना प्रशिक्षण द्या' असा शेरा मारणं सोपं होतं. यांनी तसं केलं नाही. लोक खरोखर काय करतात ते पाहिलं आणि त्यावरून रचना ठरवली. आपण सगळे काहीतरी नवीन वाढवायला शिकतो. इथे काय काढून टाकता येईल हे शोधलंय. त्या विद्यार्थिनीला माझं पहिलं उत्तर हेच, की ॲप नंतर, पाहणं आधी.

आता खटकलेलं. पहिलं, आठ महिने. आडसाली ऊस लागणीपासून तोडीपर्यंत सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. म्हणजे चाचणीत एका आडसाली पिकाचा फेरासुद्धा पूर्ण होत नाही. नव्याचे नऊ दिवस कुठे संपतात आणि सवय कुठे सुरू होते, हे एवढ्या काळात कळणं अवघड. शिवाय यंत्रणा बनवणारे आणि तिचं मूल्यमापन करणारे तेच. यात अप्रामाणिकपणा नाही, पण वाचताना ध्यानात ठेवायला हवं.

दुसरं, 'युजर' कोण? आमचं घर सातारा जिल्ह्यात, कराड तालुक्यात. उसाचं वजन झालं की कारखान्याचा मेसेज येतो, वडिलांच्या मोबाईलवर. मेसेज इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे वडील तो उघडतच नाहीत. आई मला फोन करते आणि चुलतभाऊ त्या मेसेजचा फोटो पाठवतो. म्हणजे खातं एकाचं, वाचणारे दोघं, आणि पुढे काय करायचं हे ठरवणारी तिसरीच. यंत्रणेच्या नोंदीत मात्र एकच शेतकरी दिसणार. आणि ज्यांनी तो ऊस तोडला, त्या टोळीतली माणसं तर कुठल्याच रकान्यात नाहीत.

तिसरी गोष्ट आईमुळे कळली. गेल्या हंगामात मी तिला टनेज वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते कळलं गं. खोडव्याची तोड कधी येणार ते बघ की." ते मेसेजमध्ये नसतं. ते चिटबॉयला विचारावं लागतं, टोळीच्या मुकादमाला विचारावं लागतं, आणि कधीकधी 'खुशाली' दिल्याशिवाय उत्तर मिळत नाही. तोवर ऊस वाळतो, वजन घटतं, पुढचं पीक लांबतं. म्हणजे माहिती मिळाली तरी हातात काही आलं असं नाही.

ही चूक मी स्वतः केलीय. माझ्या पहिल्या प्रस्तावात वाळवा तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी किती मेसेज उघडले, हे यशाचं माप होतं. गाईडनी एकच विचारलं, "उघडला. मग त्याने काय केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रस्ताव पुन्हा लिहिण्यात सात महिने गेले.

पण टीका करताना न्याय सोडू नका. पेपरने संगणकाच्या जागी मोबाईल आणून दाखवतो म्हटलं आणि ते दाखवलं. तोडीचा क्रम पारदर्शक करतो असं तो कुठेच म्हणत नाही. मर्यादा म्हणजे दोष नव्हे. पुढच्या संशोधकाला तिथे जागा असते. लेखकांपैकी तोयामा यांनीच पुढे २०१५ च्या 'गीक हेरेसी' पुस्तकात मांडलं, की माणसांत आणि संस्थांत मुळात जे असतं तेच तंत्रज्ञान वाढवतं. आईच्या प्रश्नाला हे तंतोतंत लागू पडतं. व्यवस्थेला उत्तर द्यायचं असेल तर मोबाईलने ते लवकर पोचेल. द्यायचंच नसेल तर मोबाईल काय करणार?

तेव्हा तंत्रज्ञान आणि शेती यावरचा कुठलाही पेपर वाचताना तीन गोष्टी वहीत लिहा: प्रश्न कुणाचा होता, उत्तर कुणाच्या हातात होतं, आणि उत्तर मिळाल्यावर त्या माणसाला काय करता आलं. तिसऱ्या जागी काहीच लिहिता आलं नाही, तर तुमच्या संशोधनाचा विषय कदाचित तिथेच सापडेल. मला माझा तिथेच सापडला. या हंगामात मी मोबाईलच्या नोंदी मोजणार नाहीये. गट ऑफिसच्या दारात बसून लोक चिटबॉयला काय विचारतात ते लिहून घेणार आहे.