द्रोणांच्या तोंडचा ‘शिष्य’

शस्त्रविद्येच्या गुरुशिष्यांनीं एकमेकांना कोणत्या शब्दानें संबोधावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ शिष्टाचाराचा वाटेल. महाभारतकारांनीं मात्र तो तसा मानलेला नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९३३ सालीं पुरी केलेली आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ति पुढें ठेवून द्रोणकथा वाचूं लागलें, म्हणजे ती एका संबोधनाच्या अपमानांतून निघते आणि दुसऱ्या संबोधनाच्या दुरुपयोगापाशीं येऊन ठेपते, असें आम्हांस दिसतें. ‘गुरु’, ‘आचार्य’, ‘भगवन्’ हे शब्द एकमेकांच्या जागीं खुशाल घालणाऱ्या अनुवादकांच्या हातून हा धागा तुटतो.

द्रुपद हा भरद्वाजांच्या आश्रमांतील द्रोणांचा बालमित्र. दारिद्र्यानें गांजलेले द्रोण त्याच्याकडे गेले व त्यांनीं त्यास ‘सखा’ म्हटलें. राजाचें आणि दरिद्र्याचें सख्य कसलें, असें म्हणून द्रुपदानें तो शब्दच परत केला. तो सल द्रोणांनीं मनांत जपला. कुरुकुमारांकडून गुरुदक्षिणा म्हणून त्यांनीं द्रुपदालाच बांधून आणविलें, अर्धें राज्य ठेवून घेतलें, आणि आतां आपण समान झालों, तेव्हां सख्य होऊं शकेल, असें त्याला ऐकविलें.

शब्द नाकारला गेल्याचें दुःख ज्यांनीं एवढें भोगलें, त्यांनीं एकलव्याशीं कसें वागावें? निषादराज हिरण्यधनूचा हा मुलगा विद्या मागण्यास आला, तेव्हां द्रोणांनीं त्याचा स्वीकार केला नाहीं. मातीच्या मूर्तीपुढें तो आपला आपण शिकला, आणि तूं कोण, असें पांडवांनीं पुसतांच आपण द्रोणांचे शिष्य आहों, असें त्यानें सांगितलें. पुढें अर्जुनाच्या तक्रारीवरून द्रोण तेथें आले. त्याला उद्देशून ‘शिष्य’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघतो तो ह्या वेळीं, आणि तोहि अटीसह: जर तूं माझा शिष्य असशील, तर माझें वेतन दे. वेतन हा केलेल्या कामाच्या मोबदल्याचा शब्द; येथें काम तर झालेंच नव्हतें. एकलव्य मात्र त्यांना ‘भगवन्’ म्हणतो, ‘गुरु’ म्हणतो, आणि आंगठा कापून देतो. कवीनें द्रोणांच्या वचनाला ‘दारुण’ म्हटलें आहे. आमच्या मतें तें दारुणपण आंगठ्याच्या मागणींत आहे, तितकेंच त्या ‘जर’मध्येंहि आहे.

द्रोण कुरूंचे आश्रित होते आणि अर्जुनाला दिलेल्या वचनानें बांधले गेले होते, असा बचाव करण्यांत येतो. त्या बचावानें फार तर नकाराचें समर्थन होईल. नकार देऊन वर ऋण वसूल करण्याचें होणार नाहीं.

पुढें हाच शब्द द्रोणांवर उलटतो. गीतेच्या आरंभीं दुर्योधन त्यांना ‘आचार्य’ म्हणून हाक मारतो, आणि पांडवांचें सैन्य तुमच्याच बुद्धिमान शिष्यानें, द्रुपदाच्या पुत्रानें रचलें आहे, असें दाखवून देतो. ‘शिष्य’ हा येथें टोमणा झाला आहे. उलट विराटपर्वांत अर्जुन त्यांच्या पायांपाशीं दोन बाण टाकून वंदन करतो. आणि तोच द्रुपदपुत्र त्यांना मारण्यास धांवतो, तेव्हां आचार्यांना मारूं नको, जिवंत आण, असें ओरडतो. ज्याला तो शब्द मनापासून मिळाला होता, त्यानें तो शेवटपर्यंत पाळला.

महाराष्ट्रांतील तालमींत ‘शिष्य’ ह्या अर्थीं ‘पठ्ठा’ हा शब्द चालतो. ‘वस्ताद’ हें फारसी ‘उस्ताद’चें मराठी रूप, पण शब्द कोठून आला, ह्याला फारसें महत्त्व नाहीं. कुस्तीच्या मैदानांत ‘अमक्या वस्तादांचा पठ्ठा’ असा पुकारा होतो, तेव्हां पठ्ठ्याबरोबर वस्तादाचें नांवहि मातीत उतरतें. पठ्ठा चीत झाला, तर कमीपणा दोघांना येतो. म्हणजे हें संबोधन जोखमीचें आहे, आणि जोखीम आधीं गुरूनें पत्करावयाची आहे. आज व्यायामशाळांतून ‘सर’ आणि ‘कोच’ रुळले आहेत. त्यांचा बाट मानण्याचें कारण नाहीं. पहावयाचें तें इतकेंच कीं, मुलगा हरून आला असतां ‘हा माझा’ असें म्हणणारा कोणी त्याच्या पाठीशीं उभा आहे काय. द्रोणांनीं हा शब्द वसुलीच्या वेळीं उच्चारला. एवढ्या मोठ्या धनुर्धराच्या कीर्तीला लागलेला तो डाग महाभारतकारांनींहि पुसलेला नाहीं.