पियानोच्या बाकावरचा माणूस : चक लेव्हेल आणि रॉकमधली साथ

१९८९ साली ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्लिश बँडचा समावेश अमेरिकेतल्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये झाला. सन्मानितांच्या यादीत इयान स्ट्युअर्ट या पियानोवादकाचंही नाव होतं. स्ट्युअर्ट हा स्टोन्सच्या संस्थापकांपैकी एक. पण १९६३ साली व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डहॅमने त्याला अधिकृत संचातून वगळलं. सहा माणसं जास्त होतात आणि स्ट्युअर्टचा चेहरामोहरा पॉप बँडला शोभत नाही, अशी त्यामागची कारणं होती. स्ट्युअर्ट तरीही सोडून गेला नाही. सामानाची गाडी हाकत, वाद्यं मांडून देत आणि पटेल त्या गाण्यात पियानो वाजवत तो डिसेंबर १९८५ मध्ये मरण पावेपर्यंत बँडबरोबरच राहिला.

१९९५ साली त्याच संस्थेने ‘ऑलमन ब्रदर्स बँड’चा सन्मान केला. यादीत मूळचे सहा सदस्य होते. या बँडचा ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ (१९७३) हा अल्बम अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्यावर पियानो वाजवणारा चक लेव्हेल तेव्हा बँडचा रीतसर सदस्य होता, पण यादीत त्याचं नाव नव्हतं. म्हणजे ज्याला छायाचित्रातून काढलं तो मोजला गेला आणि जो छायाचित्रात होता तो गळला. हाच लेव्हेल १९८२ साली स्ट्युअर्टच्या जोडीने स्टोन्सबरोबर वाजवू लागला आणि पुढची चार दशकं, सदस्य न होता, वाजवत राहिला.

बँडचा माणूस कोणाला म्हणायचं, हा प्रश्न या दोन नोंदींमधून उभा राहतो. तो केवळ मानसन्मानाचा नाही. रॉक संगीताची समीक्षा गायक, गिटारवादक आणि गीतकार यांच्याभोवती फिरते. संगीत प्रत्यक्ष उभं कोण धरतं, हे पाहण्याची तिला सवय नाही. आपल्या मैफलीत ‘साथ’ हा स्वतंत्र गुण मानला जातो. ती चांगली झाली की नाही, यावर श्रोते घरी जाताना वाद घालतात. रॉकमध्ये त्याला ‘साइडमन’ म्हणतात, म्हणजे नुसता बाजूचा माणूस. लेव्हेलची कारकीर्द साथीच्या अंगाने वाचली तर काय दिसतं, ते या लेखात पाहायचं आहे.

रिकामी जागा

लेव्हेलचा जन्म १९५२ चा, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमचा. बालपण गेलं टस्कलूसात. आई घरी हौसेने पियानो वाजवी आणि वादळ पियानोवर कसं वाजेल, असले प्रश्न मुलाला विचारी. तेराव्या वर्षी त्याने रे चार्ल्सचा कार्यक्रम ऐकला. त्या ताफ्यात ऑर्गनवर बिली प्रेस्टन होता. पुढे सत्तरच्या दशकात हाच प्रेस्टन स्टोन्सबरोबर दौरे करणार होता आणि त्यानंतर त्याच बाकावर लेव्हेल बसणार होता.

कॉलेजात न जाता लेव्हेल जॉर्जियातल्या मेकन या गावी गेला. तिथे फिल वॉल्डनची ‘कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्स’ ही कंपनी होती आणि दक्षिणेकडच्या गोऱ्या-काळ्या संगीतकारांचा एकत्र वावर होता. न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. जॉनबरोबर त्याने दौरे केले. डॉ. जॉन स्वतःच मोठा पियानोवादक. अशा माणसाच्या संचात दुसरा कळफलक वाजवायचा म्हणजे काय वाजवायचं यापेक्षा काय सोडून द्यायचं, हेच आधी शिकावं लागतं.

ऑलमन ब्रदर्सची ओळख होती दोन गिटारींची. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स सुरावट जोडीने वाजवत आणि मग एकमेकांना पुढे नेत. ऑक्टोबर १९७१ मध्ये ड्वेन मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या जागी दुसरा गिटारवादक घ्यायचा नाही, असं बँडने ठरवलं. पुढच्या वर्षी ग्रेग ऑलमनच्या स्वतंत्र अल्बमच्या निमित्ताने लेव्हेल स्टुडिओत आला आणि तिथूनच बँडमध्ये ओढला गेला. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. नोव्हेंबर १९७२ मध्ये बासवादक बेरी ओकलीही मोटारसायकलच्याच अपघातात गेला.

त्यातून निघालेली रचना म्हणजे ‘जेसिका’. शब्द नसलेली, सुमारे साडेसात मिनिटांची. चाल बेट्सची. डाव्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवणाऱ्या जँगो राइनहार्टला अभिवादन म्हणून त्याने ती दोन बोटांत बसवली आणि तिला आपल्या लहान मुलीचं नाव दिलं. पूर्वी दोन गिटारी जे करत ते इथे गिटार, पियानो आणि ऑर्गन मिळून करतात. मुख्य सुरावट संपली की पहिली मोकळी जागा मिळते ती पियानोला. लेव्हेल घाई करत नाही. उजव्या हाताची छोटी वाक्यं, त्यांना चर्चमधल्या गाण्याचा वळसा, मग हळूहळू भरत जाणारे स्वर आणि शेवटी गिटारला सहज पाऊल ठेवता येईल अशी सोडलेली पायरी.

मृत माणसाच्या वाद्याची नक्कल या वादनात कुठेच नाही, तरी त्याने रिकामी केलेली जागा भरलेली आहे. ड्वेनशी तुलना होऊ नये म्हणून घेतलेला हा निर्णय होता, असं म्हणून विषय संपवता येईल. पण ऐकताना जाणवतं ते वेगळंच. गिटारींच्या बँडला पियानोने मोकळा श्वास दिला, दुःखातून बाहेर पडण्याची हलकी लय दिली. ‘जेसिका’ पुढे ‘टॉप गिअर’ या बीबीसीच्या कार्यक्रमाची शीर्षकधून म्हणून जगभर पोचली. रचनाकार म्हणून नोंद मात्र एकट्या बेट्सची आहे.

समुद्रसपाटी आणि जमीन

जुलै १९७३ मध्ये वॉटकिन्स ग्लेन इथे ‘ग्रेटफुल डेड’ आणि ‘द बँड’ यांच्यासह ऑलमन ब्रदर्सनी सुमारे सहा लाख श्रोत्यांपुढे वाजवलं. तीन वर्षांत बँड फुटला. लेव्हेलने ड्रमवादक जेमो आणि बासवादक लमार विल्यम्स यांना घेऊन ‘सी लेव्हल’ काढला. समुद्रसपाटी या अर्थाचं हे नाव ‘सी. लेव्हेल’ या त्याच्या नावावरची कोटी होती. १९७७ ते १९८० या काळात या संचाचे पाच अल्बम आले.

ते आज ऐकले तर वादनाचा दर्जा निर्विवाद वाटतो. जॅझ, ब्लूज आणि फंक यांची वीण घट्ट आहे. तरी काहीतरी राहून जातं. लेव्हेल गातो नीटस, पण त्याच्या गळ्यात ग्रेग ऑलमनसारखी जखम नाही. सगळेच उत्तम साथीदार, आणि ज्याला साथ करायची तोच जागेवर नाही, असं त्या संचाचं झालं. हा दोष मान्य करूनच लेव्हेलच्या पुढच्या कारकिर्दीकडे बघायला हवं. पुढारी होण्याची संधी त्याला मिळाली होती. त्याचा खरा गुण मात्र दुसऱ्याच्या संगीतात उजळत होता.

याच सुमारास कॅप्रिकॉर्न कंपनी बुडाली. १९८१ मध्ये पत्नी रोझ लेन हिला आजीकडून मेकनजवळची जमीन वारशाने मिळाली. तिथे काय करावं याचा विचार करत लेव्हेलने वनशेतीचा पत्राद्वारे अभ्यासक्रम घेतला आणि दौऱ्याच्या बसमध्ये बसून तो पुरा केला. दोघांच्या नावांवरून जागेचं नाव पडलं ‘शार्लेन’. पाइनचं ते जंगल वाढत गेलं आणि १९९९ मध्ये या दांपत्याला अमेरिकेतले त्या वर्षीचे उत्कृष्ट वृक्षशेतकरी म्हणून राष्ट्रीय पातळीवर गौरवलं गेलं.

कलावंताचा छंद म्हणून ही माहिती लेखांच्या शेवटी चौकटीत दिली जाते. खरं तर ती कारकिर्दीच्या मध्यभागी आहे. भाड्याने वाजवणाऱ्या वादकाला दौरा चालू असेतो मेहनताना मिळतो. गाण्यांचं मानधन रचनाकारांच्या घरी जातं. बँड थांबला की उत्पन्न थांबतं. १९८२ नंतर जॅगर आणि रिचर्ड्स यांच्या बेबनावामुळे स्टोन्स सात वर्षं दौऱ्यावर गेलेच नाहीत. ज्याच्या पायाखाली दुसरी उपजीविका आहे, तोच अशा नात्यात कडवट न होता राहू शकतो.

वह्या

१९८१ च्या दौऱ्यासाठी स्ट्युअर्टनेच लेव्हेलला चाचणीला बोलावलं. काम मिळालं इयान मॅकलेगनला. पुढच्या वर्षीच्या युरोप दौऱ्यात मात्र लेव्हेल आला आणि तेव्हापासून टिकला.

स्टोन्सचा पियानो ही एका माणसाची शैली कधीच नव्हती. ‘ब्राउन शुगर’मध्ये स्ट्युअर्टचा बूगी-वूगी आहे. ‘शीज अ रेनबो’ आणि ‘अँजी’मध्ये निकी हॉपकिन्सचा नाजूक हात आहे. ‘कान्ट यू हिअर मी नॉकिंग’मध्ये प्रेस्टनचा ऑर्गन आहे. ‘वाइल्ड हॉर्सेस’चा पियानो जिम डिकिन्सनचा, कारण स्ट्युअर्टला मायनर कॉर्ड वाजवायचे नसत. स्ट्युअर्टला अशी निवड करता आली. लेव्हेलला एका संध्याकाळीत या सगळ्यांचं देणं फेडावं लागतं, तेही रिचर्ड्सच्या पाच तारांच्या गिटारीने बहुतेक जागा व्यापलेली असताना. तो मधल्या पट्टीत गर्दी करत नाही. गिटार थांबते तिथे वरच्या स्वरांत दोन थेंब टाकतो आणि बाजूला होतो. ‘हाँकी टाँक विमेन’मध्ये त्याला स्वतःची जागा मिळते, तिथे तो मनसोक्त वाजवतो आणि वेळेवर उठतो.

१९८९ च्या ‘स्टील व्हील्स’ दौऱ्याच्या तालमींपासून त्याने प्रत्येक गाण्याच्या हस्तलिखित नोंदी ठेवायला सुरुवात केली. स्वर कोणता, कडवी किती, शेवट कसा. या नोंदींचे जाडजूड संग्रह झाले. संगीत-संयोजक म्हणून तोच गाण्यांचा क्रम सुचवतो, रंगमंचावर हाताने खुणा करून भाग बदलल्याची सूचना देतो. १९९३ मध्ये बिल वायमन बाहेर पडला, २०२१ मध्ये चार्ली वॉट्स गेला. बँडची स्मरणशक्ती तोवर या वह्यांमध्ये उतरली होती.

एप्रिल २००३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर स्टोन्स वाजवून गेले, तो ‘लिक्स’ दौऱ्याचाच भाग होता. त्या दौऱ्यात बँड छोटी नाट्यगृहं, बंदिस्त सभागृहं आणि मैदानं अशा तीन आकारांच्या जागांत वाजवत होता आणि वर्षानुवर्षं बाजूला पडलेली गाणी बाहेर काढत होता. ते शक्य झालं याचं बरंच श्रेय वह्यांना आहे.

आक्षेप

इथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यायला हवा. १९७२-७३ चे स्टोन्स धोकादायक होते. लय सुटेल की काय, अशी भीती श्रोत्याला वाटे आणि त्यातच मजा होती. १९८९ नंतरचे स्टोन्स चुकत नाहीत. गाणं जिथे संपायला हवं तिथेच संपतं. वह्यांनी बँड जपला, पण तो गोठवलाही, असं कोणी म्हटलं तर ते सहज उडवून लावता येत नाही.

तरी दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. पहिली, मैदानातल्या प्रचंड कार्यक्रमांचं अर्थकारण अशी अचूकता मागतं. तो निर्णय जॅगर आणि मंडळींचा आहे, पियानोवादकाचा नव्हे. दुसरी, वह्या बाजूला ठेवल्यावर काय होतं याचा पुरावा उपलब्ध आहे. ‘ब्लू अँड लोनसम’ (२०१६) हा जुन्या ब्लूज गाण्यांचा अल्बम स्टोन्सनी लंडनमध्ये तीन दिवसांत ध्वनिमुद्रित केला. तिथे लेव्हेलचा पियानो खडबडीत आहे, गर्दीत धक्के देत पुढे येणारा. मग हे कौशल्य शिस्तीत विझलेलं नव्हतं. त्याला वाव कमी मिळत होता.

नाव नसलेले हात

एरिक क्लॅप्टनच्या ‘अनप्लग्ड’मधल्या (१९९२) ‘ओल्ड लव्ह’चा पियानो, ‘ट्रेन’ या बँडच्या ‘ड्रॉप्स ऑफ ज्युपिटर’ची सुरुवात, २०१६ मध्ये पॉम्पेईच्या प्राचीन प्रेक्षागारात डेव्हिड गिल्मरमागे वाजलेला कळफलक, हे सगळे हात लेव्हेलचे. लाखो लोक ते स्वर ओळखतात, वादकाला ओळखत नाहीत.

त्याच्यावर अन्याय झाला असं म्हणून हळहळणं सोपं आहे. लेव्हेल स्वतः तसं जगलेला दिसत नाही. अडचण समीक्षेची आहे. रॉन वुड १९७५ मध्ये स्टोन्समध्ये आला आणि छायाचित्रांत झळकला, तरी कित्येक वर्षं तो पगारी होता. १९९४ पासून बास वाजवणारा डॅरिल जोन्स वायमनइतकाच काळ, किंबहुना त्याहून अधिक काळ, बँडबरोबर आहे आणि सदस्य नाही. सदस्यत्व हा करारातला शब्द आहे, आणि रॉकची समीक्षा तो संगीतातला शब्द असल्यासारखा वापरत आली. कोण काय वाजवतो याऐवजी कोणाचं नाव कुठे छापलं आहे, यावर तिने इतिहास रचला.

स्ट्युअर्टला उशिरा का होईना, यादीत जागा मिळाली, ती संस्थापक होता म्हणून. लेव्हेल कशाचाच संस्थापक नाही. तो दोनदा दुसऱ्याच्या गेल्यानंतर उरलेल्या जागेपाशी आला, एकदा ड्वेनच्या आणि एकदा स्ट्युअर्टच्या, आणि दोन्ही वेळा त्या जागेचा आकार न मोडता तिथे स्वतःचा आवाज बसवला. असं काम मोजायचं माप रॉकने अजून तयार केलेलं नाही. ते तयार होईपर्यंत श्रोत्याच्या हाती एक उपाय आहे. ‘जेसिका’ लावावी, गिटारीकडे लक्ष न देता पियानो कधी येतो, किती थांबतो आणि कुणासाठी जागा सोडून उठतो, तेवढंच ऐकावं.